हौशी नाटकाला तारीख कुणी दिली?

व्यावसायिक नाटकाची तारीख निर्माता ठरवतो. हौशी संस्थेत निर्माता नसतो. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, एसटीचा कंडक्टर, कॉलेजातली दोनचार पोरं दिवसाचं काम आटोपून रात्री तालमीला जमतात. समोर प्रयोगाची पक्की तारीख नसली की तालीम लांबते, एखाद्याची बदली होते, कुणाची परीक्षा येते आणि बसत आलेलं नाटक राहून जातं. म्हणून महाराष्ट्रातल्या हौशी रंगभूमीचा इतिहास वाचताना मला एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो: त्या त्या काळात या मंडळींना तारीख कोण देत होतं?

आधी ती देवानं दिली. कोकणात आणि गोव्यात देवळाच्या उत्सवात, जत्रेत गावातल्याच लोकांनी नाटक उभं करायचं ही रीत आजही चालू आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यात मराठी भाषा तगून राहिली, त्यात या उत्सवी नाटकांचा वाटा मोठा आहे. पुण्यामुंबईत 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सव रुजला आणि मंडळाच्या मांडवात नाटकाला हक्काची रात्र मिळाली. गिरणगावातला चाकरमानी गावी गेला की शिमग्याला, जत्रेला तिथल्या नाटकात उभा राहायचा. पंचांगातला दिवस पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे नाटक त्या दिवशी व्हायचंच.

मराठी नाटकाचा लिखित इतिहास मात्र बहुतेक पगारी नाटक कंपन्यांचा आहे. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि पुढे संगीत नाटकाचा बहर. हौशी मंडळी या सगळ्याच्या कडेला होती. पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या क्लबातून आजचं भरत नाट्य संशोधन मंदिर उभं राहिलं, हे ठळक उदाहरण.

1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि कंपन्यांचा डोलारा कोसळू लागला. नटांचे पगार, बिऱ्हाडं, मुदपाकखाना, रेल्वेनं हलणारं सामान हा खर्च बोलपटाशी स्पर्धा करत पेलणं शक्य नव्हतं. थिएटरं सिनेमाकडे गेली. हौशी मंडळींना पगार द्यायचेच नव्हते, त्यामुळे त्यांचं दिवाळं निघायचा प्रश्न आला नाही. त्या पडत्या काळात नाटक तगलं ते बऱ्याच अंशी त्यांच्या बळावर, असं माझं ठाम मत आहे. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या सुशिक्षित मंडळींनी 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करायच्या, नेपथ्य वास्तव ठेवायचं असा त्यांचा आग्रह होता. 1935 मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि डॉ. अ. ना. भालेराव यांनी नाट्यमहोत्सवांचा ध्यास घेतला. 1943 मध्ये सांगलीत रंगभूमीची शताब्दी साजरी झाली, तेव्हा कंपन्या जवळजवळ संपल्या होत्या.

यानंतर तारीख सरकारनं दिली. तेव्हाच्या मुंबई राज्यानं 1954 मध्ये नाट्यस्पर्धा सुरू केली. महाराष्ट्र झाल्यावर तिचा अनुक्रम नव्यानं मोजला गेला. तिची रचना साधी आहे. ठिकठिकाणची शहरं ही केंद्रं. हिवाळ्यात प्रत्येक केंद्रावर प्राथमिक फेरी, रोज एका संस्थेचं नाटक, समोर परीक्षक आणि तिकीट काढून आलेला गावचा प्रेक्षक. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र हवं. केंद्रावर पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीत जातं. ज्या दिवशी प्रयोग, त्याच दिवशी सकाळी टेम्पोतून फ्लॅट्स (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल्स (उंचीचे चौथरे) उतरवायच्या, सेट लावायचा, लाइट लावून बघायचे, आणि तिसरी घंटा वेळेवर झालीच पाहिजे.

केंद्रांच्या या जाळ्यानं जे साधलं, ते एकट्यादुकट्या संस्थेला जमलं नसतं. आपल्याच शहरातल्या दुसऱ्या संस्थेचं नाटक नटदिग्दर्शक रात्र रात्र बसून बघू लागले. नागपूरच्या माणसाला मुंबईत काय चाललंय ते अंतिम फेरीत दिसू लागलं. मुख्य म्हणजे गल्ल्याची चिंता नसल्यामुळे अवघड नाटक करायची हिंमत आली. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं, म्हणजे भालबा केळकरांच्या ‘पीडीए’नं, 1957 मध्ये वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ केलं. त्यात काम करणारे श्रीराम लागू तेव्हा डॉक्टरकी करत होते. पूर्ण वेळ नट ते 1969 मध्ये झाले. 1967 मध्ये मुंबईच्या ‘रंगायन’ या संस्थेनं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ स्पर्धेत उतरवलं. हे नाटकच एका हौशी संस्थेबद्दल आहे: मुंबईहून गावात प्रयोगाला आलेली माणसं वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात आणि त्यात आपल्यातल्याच एका बाईला घेरतात. हौशी मंडळींतले हेवेदावे, मिरवणं, सभ्यपणाखालची क्रूरता तेंडुलकरांनी त्यांच्याच स्पर्धेत त्यांच्यापुढे ठेवली. याहून मोठं धाडस या स्पर्धेनं पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ही याच वाटेनं आलं. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात ‘पीडीए’नं स्पर्धेसाठी त्याचा पहिला प्रयोग केला. रंगमंचावर माणसांचाच पडदा करून नाचवणारी ती पुण्यातली हौशी पोरं होती. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं ते थांबवलं, मंडळी बाहेर पडली आणि मार्च 1973 मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ जन्माला आली.

पुण्यामुंबईची ही नावं सगळे घेतात. नागपूरच्या ‘रंजन कला मंदिर’मधून पुरुषोत्तम दारव्हेकर घडले, औरंगाबादच्या ‘जिगीषा’तून चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी आले, हे तितक्या आवर्जून सांगितलं जात नाही. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांतून गिरण्या-कारखान्यांतले नट तयार झाले, त्यांची तर नावंही फारशी कुठे नोंदलेली नाहीत. गोव्यात 1970 मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीनं मराठी नाट्यस्पर्धा घेतल्या आणि उत्सवातल्या नटांना परीक्षकांसमोर उभं केलं.

या व्यवस्थेचा तोटाही तितकाच खरा आहे. ‘स्पर्धेचं नाटक’ असा एक वेगळाच प्रकार तयार झाला: परीक्षकांना दिपवणारं नेपथ्य, अंगावर येणारा विषय, टाळीचा शेवट. दोन-दोन महिने तालमी करून बहुतेक नाटकांचा एकच प्रयोग होतो आणि दुसऱ्या दिवशी सेट मोडीत निघतो. तारीख मिळाली, पण एकच मिळाली. पुढचे प्रयोग शेजारच्या तालुक्यात, शाळांत, वाचनालयांत लावून देणारी व्यवस्था सत्तर वर्षांत उभी राहिली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरुण मुलं आता बहुतांशी एकांकिकेकडे वळतात. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून कॉलेजांना तीच शिस्त लावतो आहे. 2022 मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची न वाटल्यानं परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला, पण मला तो निर्णय योग्य वाटला.

राज्य स्पर्धेची साठावी खेप करोनामुळे रखडून 2022 मध्ये पार पडली. यापुढची अडचण जागेची आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. तिथल्या हौशी संस्थांचं ते हक्काचं ठिकाण होतं. छोट्या शहरात असं एक नाट्यगृह बंद पडलं तर पर्याय म्हणून उरतात मंगल कार्यालयं, आणि तिथे लग्नाच्या मोसमात, म्हणजे ऐन स्पर्धेच्या दिवसांत, नाटकाला कुणी तारीख देत नाही.