अमेरिकेच्या महामार्गांवरील 'दर पाचवा मैल सरळ' या समजाचा खुलासा

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर युद्धकाळात विमाने उतरवता यावीत म्हणून दर पाच मैलांमागे एक मैल सरळ ठेवण्याचे कायदेशीर बंधन होते, ही माहिती अनेक दशके सांगितली जाते; प्रत्यक्षात हे महामार्गजाळे उभारणाऱ्या 1956 च्या कायद्यात अशी तरतूद नाही.

या समजाला दोन गोष्टींनी बळ दिले असावे. त्याच कायद्याने या जाळ्याच्या अधिकृत नावात 'संरक्षण' हा शब्द आणला. मात्र त्यामागचा विचार सैन्य आणि सामग्री रस्त्याने वेगाने हलवण्याचा होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1919 मध्ये वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या लष्करी ताफ्यासोबत तब्बल 62 दिवसांचा खडतर प्रवास केला होता, आणि खराब रस्त्यांची किंमत त्यांना चांगलीच ठाऊक होती. दुसरे असे की, 1941 च्या संरक्षण महामार्ग कायद्यानुसार काही धावपट्ट्या खरोखर बांधल्या गेल्या. पण त्या रस्त्यालगत होत्या, रस्त्यावर नव्हेत. हा फरक सांगोवांगीत हरवला, आणि तोच निर्णायक आहे.

साधा हिशेबही हेच सांगतो. मंजूर झालेल्या 41,000 मैलांपैकी एक पंचमांश म्हणजे 8,200 मैल सरळ ठेवणे डोंगराळ प्रदेशात जवळजवळ अशक्य ठरले असते. शिवाय विमान उतरवायचे तर सैन्याला हवी असलेली वाहतूकच थांबवावी लागली असती. जर्मनी आणि स्वीडन यांनी शीतयुद्धात महामार्गांचे निवडक पट्टे विमानांसाठी मुद्दाम तयार केले होते, हे मात्र खरे आहे.