फ्लूच्या लशीने फ्लू होतो का?

‘फ्लूची लस घेतली की फ्लूच होतो, म्हणून दवाखान्यातल्या नर्ससुद्धा ती टाळतात’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये काही आरोग्य कर्मचाऱ्यांनी लस न घेण्यामागे हीच भीती सांगितली आहे, हे खरे. पण त्यावरून भीती आहे एवढेच सिद्ध होते, लशीत दोष आहे असे नव्हे.

दंडात टोचायच्या लशीत विषाणू निष्क्रिय केलेला असतो किंवा त्याचे केवळ अंश असतात, त्यामुळे शरीरात त्याची वाढ होऊच शकत नाही. खोक्यातल्या माहितीपत्रकावर ‘इनॅक्टिव्हेटेड’ हा शब्द स्वतः पाहता येतो. (नाकात फवारायची लस वेगळी, तीत दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो.) संरक्षण निर्माण व्हायला सुमारे २ आठवडे लागतात, आणि वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णांजवळ सतत वावरणाऱ्या नर्सला त्याआधीच संसर्ग झाला, तर बोल लशीला लागतो.

सर्वांत भक्कम पडताळा चाचण्यांचा आहे. कोणाला काय टोचले हे न सांगता काहींना लस आणि काहींना नुसते मिठाचे पाणी दिले, तेव्हा ताप व अंगदुखीच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच आढळल्या. ठळक फरक दिसला तो दंड दुखण्यात.