.३१५ आणि ८ एमएम : आकडा एक, काडतुसं दोन

काटोलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने मागे माझ्यासमोर वहीचं पान सरकवलं. त्यावर इंचाचे मिलिमीटर करणारा गुणाकार मांडलेला होता : .३१५ गुणिले २५.४ बरोबर ८.००१. "दादा, म्हणजे आजोबांची ८ एमएम रायफल आणि बाजारातली .३१५ एकच झाली नं? मग काडतुसं घेऊन टाकू का?"

गुणाकार अगदी बरोबर होता, पण त्यावरून काढलेला अर्थ साफ चूक होता. मी परवान्यावर रायफल बाळगतो, टार्गेटवर नेम धरतो, आणि हाच गुणाकार मला दरवर्षी कोणीतरी दाखवतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना पुढचं ठाऊक आहे, त्यामुळे भरभर सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शौकाची शिकार हळूहळू बंद झाली. आज घरात रायफल असते ती स्वसंरक्षणासाठी, पीकसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्रीतून शेत आडवं करतात हे मीही पाहिलंय, पण परवाना खिशात आहे म्हणून जनावरावर गोळी चालवता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. शस्त्र परवाना शहरात पोलिस आयुक्तांकडून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आणि नागपुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न : अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफल मिळते का? नाही. तिथे रायफली बनत नाहीत. .३१५ बनते ती बंगालमधल्या ईशापूरला, तिचं काडतूस आपल्या पुण्याच्या खडकीला.

आता मूळ मुद्दा. रायफलीच्या नळीत आतून पीळ घातलेले चर असतात. दोन चरांच्या मधे उंचवटा. व्यास उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजला तर एक आकडा येतो, चराच्या तळापासून तळापर्यंत मोजला तर थोडा मोठा. रायफलीच्या नावात यातला कोणता आकडा घालायचा, याचा जगात कधीच एक नियम नव्हता. .३१५ हे उंचवट्यांचं माप आहे. तिची गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचाच्या आसपास असते. आणि गंमत म्हणजे ८ एमएम माउझर या जर्मन रायफलीच्या नव्या प्रकाराची गोळीही .३२३ चीच. म्हणजे आकडा जुळला, गोळीही जुळली. माणूस इथेच फसतो.

कारण रायफल गोळी नाही, काडतूस मागते. गोळी, दारू, टोपी आणि या सगळ्यांना धरणारी पितळी पुंगळी मिळून काडतूस होतं, आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा, पुंगळीच्या आकाराचं कोरलेलं असतं. .३१५ चं काडतूस म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं जुनं ८×५० आर मॅन्लिकर. ५० म्हणजे पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कडा. माउझरचं काडतूस ८×५७. पुंगळी सात मिलिमीटरने लांब, बुडाशी बाहेर आलेली कडा नाही, त्याऐवजी आत कापलेली खाच.

दोन्ही रिकाम्या पुंगळ्या माझ्या टेबलावर असतात, कोणी विचारायला आला की हातात देतो. डोळे मिटून अंगठ्याचं नख बुडाकडे सरकवा. .३१५ वर नख कडेला अडकतं. माउझरवर ते सरळ खाचेत उतरतं. शिवाय .३१५ चं बूड साधारण साडेबारा मिलिमीटर, माउझरचं बारापेक्षा जरासं कमी. म्हणून .३१५ माउझरच्या चेंबरमध्ये शिरतच नाही, आणि माउझरचं काडतूस .३१५ मध्ये पूर्ण बसत नाही. लोक मग म्हणतात, "थोडं घासून घेऊ." कृपा करून हे करू नका. माउझरच्या काडतुसाचा दाब .३१५ पेक्षा जास्त असतो, आणि तो सोसायला .३१५ ची रायफल बनवलेली नाही.

तरी जे बसत नाही त्यापेक्षा जे बसतं ते मला जास्त भिववतं. जर्मनीने १९०५ च्या सुमारास याच ८×५७ ची गोळी .३१८ वरून .३२३ इंचावर नेली. पुंगळी तीच राहिली. फरक जेमतेम ०.१३ मिलिमीटरचा, नख लावून कळणारच नाही. जुन्या अरुंद नळीच्या रायफलीत नवं काडतूस गुपचूप बसतं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद होतो, आणि घोडा ओढल्यावर जाड गोळी अरुंद नळीतून रेटली जाते. दाब नको तितका चढतो. खूण एकच : नव्या प्रकाराच्या नावात 'एस' हे अक्षर असतं. आजोबांच्या रायफलीवर नुसतं ८×५७ असेल तर नळी मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस विकत घेऊ नका.

उलट प्रकारही आहे. आकडे वेगळे, वस्तू एक. .२७५ रिग्बी आणि ७×५७ माउझर ही एकाच काडतुसाची दोन नावं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती .२७५ रिग्बी. ७×५७ लिहिलेली डबी पाहून "हे आपलं नव्हे" म्हणत परत फिरलेले लोक मला भेटलेत.

कायदासुद्धा नुसत्या आकड्यावर थांबत नाही. .३०३ आणि ७.६२ सामान्य माणसाला प्रतिबंधित, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नियमाची भाषा नीट वाचा : ज्या रायफलीच्या चेंबरमध्ये सैन्याचं काडतूस बसून चालतं, तीही प्रतिबंधित. म्हणून .३०८ विंचेस्टर अडकते, कारण त्यात सैन्याचं ७.६२×५१ बसतं. .३०-०६ च्या गोळीची जाडी तीच, पण पुंगळी ६३ मिलिमीटरची, सैन्याचं काडतूस त्या चेंबरचं नव्हे, म्हणून ती सामान्य परवान्यावर चालते. आपल्याकडे .३१५ रुजली तीही याच विचाराने. बांधणी ली-एनफिल्डची, दिसायला हुबेहूब .३०३, पण सैन्याचं काडतूस तिच्यात चालू नये म्हणून चेंबर दुसरं.

आता घ्यायची की बांधून घ्यायची? अमेरिकेतले व्हिडिओ पाहून पोरं "बिल्ड" म्हणतात. तिकडे माणूस जुना माउझर ॲक्शन (रायफलीची बोल्टसकटची यंत्रणा) घेतो, हव्या त्या दुर्मिळ काडतुसाची नळी बसवून घेतो, लाकूड आपल्या खांद्याच्या मापाने कोरून घेतो. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिकडेही नुसती नळी बदलून भागत नाही. पुंगळीचं बूड बदललं की बोल्टचं तोंड, पुंगळी ओढणारा हूक, मॅगझिन सगळंच बदलतं. इथे तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बनवणं, रूपांतर करणं, अगदी दुरुस्ती करणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तुमचा शस्त्र बाळगण्याचा परवाना यासाठी चालत नाही. गावातला हुशार लेथवाला कितीही ओळखीचा असो, त्याला यात ओढू नका.

त्यामुळे माझं मत ठाम आहे : घ्या, बांधू नका. आणि घेताना आधी काडतूस शोधा, मग रायफल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आणणं बंदच आहे, त्यामुळे आपल्याकडची दुर्मिळ बोअरची, म्हणजे मापाची, जवळपास प्रत्येक रायफल जुनी आहे आणि तिच्या काडतुसाचा भरवसा नाही. .३१५ ला लोक नाकं मुरडतात. मला ती आवडते, कारण तिचं काडतूस आपल्याच राज्यात बनतं.

परवान्यावर नुसतं "८ एमएम रायफल" लिहून घेऊ नका. एका दुकानात त्या तीन शब्दांवर माझ्या मित्राच्या माउझरसाठी .३१५ ची डबी काढून ठेवली होती. काडतुसाचं पूर्ण नाव लिहायला लावा. ते नाव नळीवर चेंबरपाशी कोरलेलं असतं. पुसलं असेल तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्या आणि नळी मोजून घ्या.

काटोलच्या त्या रायफलीवर तेलाचं फडकं फिरवल्यावर ८×५७ दिसलं. पुढे एस नव्हता. नळी मोजून होईपर्यंत ती विक्रेत्याकडे जमा आहे, आणि काडतुसं त्याने अजून घेतलेली नाहीत.