झुरळांसाठी घरचं आमिष: विष थोडं, वेळ भरपूर

बोरिक ॲसिड, पीठ आणि साखर मळून केलेल्या गोळ्यांनी झुरळं जातात का, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. कुणी सांगतं, दीड-दोन महिन्यांत घर साफ झालं. कुणी सांगतं, गोळ्या वाळून दगड झाल्या आणि झुरळं त्यांना वळसा घालून जात राहिली. दोन्ही अनुभव खरे असू शकतात. फरक बऱ्याचदा गोळीतल्या विषाच्या प्रमाणात असतो, आणि तोही आपल्या अंदाजाच्या उलट. चिडून मूठभर पावडर जास्त घातली की गोळी जास्त जालीम होईल असं वाटतं. होतं असं की झुरळ ती चाखतं आणि सोडून देतं. जे पोटातच गेलं नाही ते विष कितीही जालीम असलं तरी उपयोगाचं नाही.

म्हणून आमिषाचा विचार विषापासून नको, झुरळापासून सुरू करावा. त्यातही आपल्या घरात कोणतं झुरळ आहे, इथून. ओट्याखाली, फ्रीजमागे, कपाटाच्या बिजागरीत जे लहान, फिकट तपकिरी, जेमतेम १२ ते १५ मिलिमीटरचं आणि डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा असलेलं झुरळ दिसतं, ते जर्मन झुरळ. मोरीच्या जाळीतून रात्री वर येणारं, चार सेंटिमीटरपर्यंत वाढणारं लालसर तपकिरी ते अमेरिकन झुरळ. घरच्या आमिषाने हटवायचं ते मुख्यतः पहिलं, कारण ते घरातच जन्मतं, घरातच वाढतं आणि घरातच मरतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ही जात साधारण २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या सामानासोबत जगभर पसरली. रानावनात ती कुठे आढळत नाही. आपलं खरकटं, आपल्या नळाचं पाणी आणि आपल्या भिंतीतली ऊब यांवरच तिचं सगळं चालतं.

बोरिक ॲसिड हे पोटात जाऊन काम करणारं विष आहे. त्याने आतड्याचं अस्तर खराब होतं, मज्जासंस्थेवरही परिणाम होतो आणि काही दिवसांत झुरळ मरतं. हा संथपणा कमतरतेचा वाटतो, पण आमिषासाठी तो गुणच आहे. खाल्ल्याबरोबर त्रास झाला तर कीटक तिथेच खाणं थांबवतो आणि मरण्याइतका डोस पोटात जातच नाही. बोरिक ॲसिड खाल्लेलं झुरळ मात्र पोटभर खाऊन आपल्या फटीत परततं, पुन्हा भूक लागली की पुन्हा येतं. अमेरिकेत कीटकनाशक म्हणून या पदार्थाची नोंदणी १९४८ साली झाली. त्यानंतर कित्येक फवारे आले आणि झुरळं त्यांना सरावून ते निकामी झाले, पण हे साधं खनिज अजून टिकून आहे.

आता प्रमाण. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात कोबी शाल यांच्या प्रयोगशाळेने जर्मन झुरळांना साखरेच्या पाण्यात बोरिक ॲसिड मिसळून देऊन पाहिलं आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. अर्धा ते दोन टक्के इतकं बोरिक ॲसिड असलेलं साखरपाणी चांगलं परिणामकारक ठरलं. घरी करायचं तर १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवावं. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग, तोही सपाट. एवढीशी पावडर पाहून हात पुन्हा डब्याकडे जातो. तो आवरावा.

द्रव आमिष मला गोळीपेक्षा उजवं वाटतं, त्याला कारण आहे. जर्मन झुरळ उपाशी राहू शकतं, तहानलेलं नाही. पाणी मिळत राहिलं तर प्रौढ झुरळ अन्नाशिवाय काही आठवडे काढतं. अन्न आणि पाणी दोन्ही नसेल तर साधारण दोन आठवड्यांत संपतं. रात्री ओटा आणि सिंक कोरडं पुसलं, गळका नळ दुरुस्त केला, फ्रीजखालचा पाण्याचा ट्रे रिकामा केला, की साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा हाच घरातला सोयीचा पाणवठा उरतो. बोळा बाटलीच्या झाकणात ठेवावा आणि सुकला की बदलावा. गोळीच करायची असेल तर दहा भाग पीठ-साखरेला एक भागापेक्षा जास्त बोरिक ॲसिड नको. गोळ्या वाटाण्याहून लहान असाव्यात आणि वाळल्या की टाकून नव्या कराव्यात.

साखरेबद्दल एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८०च्या दशकात ग्लुकोज घातलेली तयार आमिषं झुरळांवर उत्तम चालत होती. काही वर्षांत ती काही ठिकाणी अचानक कुचकामी ठरली. जूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा दिसलं की ही झुरळं विषाला सरावली नव्हती, ती ग्लुकोजच टाळत होती. १९९३ साली त्याने दाखवलं की हा गुण आनुवंशिक आहे. त्यामागचं कोडं २०१३ साली उलगडलं. झुरळाच्या तोंडाजवळ चव ओळखणारे बारीक केस असतात. त्यांतल्या काही चेतापेशी गोडाला प्रतिसाद देतात, काही कडूला. ग्लुकोज टाळणाऱ्या झुरळांमध्ये ग्लुकोजने कडू ओळखणाऱ्या चेतापेशीही उद्दीपित होतात. म्हणजे आपल्याला जे गोड, ते त्यांना कडू. ग्लुकोजचा थेंब तोंडाला लागताच ती झटक्यात मागे सरतात. आमिष खाणारी मेली, न खाणारी उरली आणि त्यांची पिल्लं वाढली. काही वर्षांत घडलेली ही नैसर्गिक निवड स्वयंपाकघरातली आहे, म्हणून तर ती इतकी विलक्षण वाटते. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. आमिषात ग्लुकोज पावडर घालू नये, मधही नको, कारण त्यात ग्लुकोज बरंच असतं. साधी साखर घ्यावी, आणि आठवडाभर आमिषाला कुणी तोंड लावलं नाही तर विष वाढवण्याऐवजी गोडाचा पदार्थ बदलून पाहावा.

आमिष कुठे ठेवायचं हे झुरळच सांगतं. टॉर्च घेऊन ओट्याखालचं दार उघडा आणि बिजागरीच्या आत प्रकाश टाका. मिरीची भरड सांडल्यासारखे काळे बारीक कण दिसले तर ती झुरळांची विष्ठा. त्याच्या आसपास पारदर्शक, फिकट तपकिरी सालपटं असतात, ती पिल्लांनी टाकलेली कात. कधी सात-आठ मिलिमीटर लांबीचा, आडव्या खाचा असलेला रिकामा अंडकोशही सापडतो. या कणांमधला वास इतर झुरळांना ‘इथेच थांबा’ असं सांगतो. त्या वासातला काही भाग झुरळाच्या आतड्यातले जिवाणू तयार करतात. शिवाय पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं असेल अशीच जागा झुरळाला आवडते. म्हणून ते खोलीच्या मध्यातून फिरत नाही, कडेकडेने जातं. लहान पिल्लांना जेमतेम मिलिमीटरभर फट पुरते आणि ती तिथून फार लांब जातही नाहीत. त्यामुळे एका बशीत भरपूर आमिष ठेवण्यापेक्षा थेंबभर आमिष पुष्कळ ठिकाणी ठेवावं, तेही काळ्या कणांच्या अगदी शेजारी: बिजागरी, फ्रीजचं रबर आणि मोटारीची बाजू, सिंकखाली पाईप भिंतीत शिरतो ती जागा, गॅसच्या शेगडीमागची कड.

बंद कोरड्या पोकळीत, उदाहरणार्थ ओट्यामागच्या भिंतीच्या फटीत, बोरिक ॲसिडची नुसती पावडरही चालते. झुरळ आपलं अंग सतत साफ करत असतं. पुढचा पाय मिशीवर टाकून ती खाली ओढतं, मुळापासून टोकापर्यंत तोंडातून फिरवून घेतं, मग पायही तसेच चाटतं. मिशी मळली की वास नीट येत नाही, म्हणून ही साफसफाई त्याला टाळता येत नाही. पायाला चिकटलेली पावडर अशी पोटात जाते. पण थर इतका पातळ हवा की डोळ्यांना जेमतेम दिसेल. ढीग दिसला तर झुरळ बाजूने निघून जातं. ओली झालेली पावडर गठ्ठा होते, ती निरुपयोगी.

आणि मग थांबायचं. आमिष ठेवल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत झुरळं कमी दिसतात आणि लोक आमिष उचलून ठेवतात. इथेच डाव फसतो. जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांचा कोश पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, शरीराच्या मागच्या टोकाला वागवत असते. त्या काळात ती फारसं खात नाही, फारशी बाहेरही पडत नाही. म्हणजे पहिल्या फेरीत मरतात ते नर, वाढती पिल्लं आणि कोश नसलेल्या माद्या. पोटुशी मादी फटीत सुरक्षित राहते आणि महिन्याभरात नवी फौज बाहेर काढते. आमिष दोन महिने तरी ताजं ठेवत राहिलं पाहिजे. उगाच अंदाज बांधण्यापेक्षा चार-पाच चिकट सापळे भिंतीला लागून ठेवावेत आणि दर आठवड्याला किती झुरळं अडकली ते लिहून ठेवावं. आकडा उतरतोय की नाही, आणि कोणत्या कोपऱ्यात उतरत नाही, हे त्यातून कळतं. जिथे उतरत नाही तिथे आमिष वाढवावं.

या काळात फवारा मारण्याचा मोह टाळावा. बऱ्याच फवाऱ्यांतल्या औषधाने झुरळं पांगतात, आमिषाला तो वास लागला तर त्याला शिवतही नाहीत. खोलीभर धूर सोडणारे डबे तर आणखी वाईट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे डबे वापरलेल्या घरांत जर्मन झुरळांची संख्या कमी झालीच नाही, उलट जमिनीवर आणि ओट्यावर कीटकनाशकाचा थर वाढला. त्याच अभ्यासात जेलचं आमिष लावलेल्या घरांत झुरळं स्पष्ट घटली. तमालपत्र, लवंग, काकडीची सालं यांबद्दल एवढंच: उग्र वासाने झुरळ फार तर जागा बदलेल, मरणार नाही.

बोरिक ॲसिड ‘घरगुती’ म्हणून निरुपद्रवी समजणं मात्र धोक्याचं आहे. एके काळी ही पावडर तान्ह्या बाळांच्या लंगोटाखालच्या पुरळावर लावत आणि त्यातून बाळं दगावली आहेत. जास्त मात्रेत प्रजननावर वाईट परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसल्याने युरोपीय संघाने तिला त्या धोक्याच्या गटात टाकलं आहे. रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी पोहोचेल अशा जागी आमिष अजिबात नको. गोड पाणी रिकाम्या पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहावं, मिसळायला वेगळा चमचा आणि वाटी ठेवावी, भांड्यांच्या फळीवर पावडर टाकू नये. गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं. कुणाच्या पोटात गेलंच, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावं आणि पावडरचा डबा सोबत न्यावा.

एवढा खटाटोप नुसत्या किळसेपोटी नाही. झुरळाची लाळ, विष्ठा आणि कात यांतली प्रथिनं धुळीत मिसळतात आणि अनेक मुलांचा दमा वाढवतात. न्यू ऑर्लिन्समध्ये दमा असलेल्या १०२ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही घरांत झुरळांसाठी फक्त आमिष वापरलं, बाकी काही बदललं नाही. वर्षभरात त्या घरांतली झुरळं घटली आणि मुलांना दम्याचा त्रास असलेले दिवसही कमी झाले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्याला ना महागडं यंत्र लागलं ना घराची डागडुजी. मेलेल्या झुरळांची धूळ मात्र महिनोन्‌महिने टिकते, म्हणून कोरड्या झाडूने उडवण्याऐवजी फ्रीजमागची आणि कपाटांची जागा साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसावी. फटी बुजवायच्या त्या यानंतर. आधी बुजवल्या तर झुरळं आमिषापासून तुटतात.

दोन ठिकाणी घरचं आमिष कमी पडतं. मोरीतून येणाऱ्या मोठ्या झुरळांचं ठाणं गटारात असतं, तिथे जाळी आणि पाईपभोवतीच्या फटी बंद करणं जास्त उपयोगी. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत एकानेच आमिष ठेवलं तर झुरळं पाईपच्या वाटेने शेजारून येत राहतात, तिथे सगळ्यांनी एकाच वेळी सुरुवात करावी. सापळ्यातला आकडा दोन महिन्यांनंतरही उतरत नसेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं, पण आधी विचारून घ्यावं की तो जेल लावणार आहे की फवारणार आहे. जेल असेल तर त्यातल्या विषाचं नाव लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी वेगळं विष असलेलं जेल मागता येईल आणि त्याच विषाला सरावलेली झुरळं वाढणार नाहीत.