साठ वजनाची जिगलीपफ

पोकेमॉनच्या नोंदीत जिगलीपफ या गुलाबी, गोल पोकेमॉनचं वजन साडेपाच किलो आहे. दिवाळीच्या फराळासाठी आणलेल्या पाच किलो साखरेच्या पिशवीपेक्षा थोडं जास्त. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या निन्टेन्डोच्या मारामारीच्या गेममध्ये मात्र तिच्या नावापुढे 60 हा आकडा आहे. हे किलो नव्हेत. मार बसल्यावर फायटर किती लांब उडेल हे ठरवणारं ते गेमचं आपलं माप आहे. त्या मापाने बाकी फायटरांपैकी बाउझर 117, फॉक्स 75 आणि कर्बी 70 भरतो. जिगलीपफच्या बरोबरीला एकटा मिस्टर गेम अँड वॉच आहे आणि तिच्याहून हलका फक्त पिचू, 55.

हलकं कॅरेक्टर म्हणजे लवकर मरणारं कॅरेक्टर, असा सरळ हिशोब बहुतेकजण करतात. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. याच जिगलीपफला घेऊन एक खेळाडू मेलीमध्ये सलग तीन वर्षं जगात पहिला राहिला. आणि याच मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये तीच जिगलीपफ तळाला जाऊन बसली, वजन जवळपास तेवढंच असताना. हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

नेहमीच्या फायटिंग गेममध्ये ‘हलकं’ म्हणजे एनर्जीची पट्टी लहान; ती संपली की हरलात. स्ट्रीट फायटर फोरमध्ये र्‍यूची एनर्जी 1000, झँगीफची 1100 आणि अकुमाची 850. अकुमाचे वार भारी, चाली वेगवान, म्हणून त्याच्याकडून पट्टीचा तुकडा कापून घेतला. व्यवहार रोखीचा. चार फटके जास्त मारायचे, पण दोन कमी खाऊनच मरायचं. पण कमी एनर्जीमुळे अकुमाचा काही फायदा होतो का? काहीच नाही. तो निव्वळ दंड आहे.

स्मॅशमध्ये पट्टीच नाही. स्मॅशचा निर्माता मासाहिरो साकुराई याने एकदा आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 95’ खेळताना समोर बसलेल्याला कॉम्बो, म्हणजे सुटू न देता सलग फटके, लावून धुऊन काढलं. नंतर पाहतो तर समोर एक नवशिकं जोडपं बसलेलं, बिचारे खेळ काय आहे ते बघायला आले होते. ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली आहे. पाठ केलेल्या कॉम्बोंवर न चालणारा, चार जणांनी एकत्र खेळायचा मारामारीचा गेम करायचा असं त्याच्या डोक्यात होतं. त्याचा कच्चा नमुना ‘ड्रॅगन किंग’ नावाने बनला. प्रोग्रॅमिंग केलं सातोरू इवाताने, जो पुढे निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला. त्यावर मारिओ, पिकाचू वगैरे मंडळी चढवून 21 जानेवारी 1999 रोजी जपानमध्ये निन्टेन्डो 64 वर पहिला स्मॅश आला.

यात मार खाल्ला की टक्केवारी चढते. जितके टक्के जास्त तितका पुढचा फटका तुम्हाला लांब फेकतो, आणि पडद्याच्या ठरावीक हद्दीबाहेर गेलात की एक जीव गेला. म्हणजे वजन हा तुमच्या तब्येतीचा आकडाच नाही, तो तुमच्या उडण्याचा आकडा आहे. मेलीच्या सूत्रात टक्केवारीनुसार वाढणाऱ्या भागाला 200 भागिले (वजन अधिक 100) याने गुणतात. जिगलीपफसाठी ते येतं 1.25 आणि बाउझरसाठी 0.92 च्या आसपास. तोच फटका, तेवढीच टक्केवारी, आणि तो वाढता भाग जिगलीपफच्या वाट्याला साधारण 35 टक्के जास्त.

आता गंमत अशी, की लांब उडणं दर वेळी वाईट नसतं. कॉम्बो लावायचा तर मारलेला माणूस हाताशी राहायला हवा. जिगलीपफला एक टप्पू बसला की ती दुसऱ्या टप्पूच्या टप्प्यातून निघून जाते, वाऱ्यावर सुटलेल्या कॅरीबॅगसारखी. तिच्या मागे धावणाऱ्याला प्रत्येक फटका नव्याने कमवावा लागतो.

इथे वजनाची एक जोडीदारीण येते, जिच्याकडे नवखे लक्ष देत नाहीत: पडण्याचा वेग. फॉक्ससुद्धा हलकाच आहे, 75 म्हणजे काही फार नव्हे. पण तो पडतो दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाला, 2.8 च्या वेगाने, दगडासारखा. जिगलीपफचा वेग 1.3. त्यामुळे फॉक्सला सरळ वर मारलं की तो लगेच खाली खेचला जातो. वरच्या हद्दीतून तो सहज जात नाही, पण खाली येऊन पुन्हा मारणाऱ्याच्या हातातच पडतो. जिगलीपफचं उलटं. कॉम्बोतून ती निसटते, आणि नीट बसलेला एखादाच वरचा फटका तिला शंभर टक्क्यांच्या बराच आत संपवतो. एकाला हाल हाल करून मारतात, दुसरीला एका झटक्यात. मी स्वतः फॉक्स खेळतो, त्यामुळे पुढच्या मजकुरात जुना राग डोकावला तर समजून घ्या.

पहिल्या स्मॅशमध्ये बारा फायटर होते, त्यातले चार लपवलेले: लुइजी, नेस, कॅप्टन फाल्कन आणि जिगलीपफ. ही चौथी का? जपानमध्ये ती तेव्हा लोकप्रिय होती हे एक कारण, आणि दुसरं अगदी कामचलाऊ. तिचा आकार कर्बीसारखा गोल, त्यामुळे कर्बीच्याच सांगाड्यावर ती कमी कष्टात उभी राहिली. दोघंही गुलाबी, दोघंही हलके, दोघांच्याही हवेत पाच जादा उड्या. त्या गेममध्ये पिकाचूखालोखाल कर्बी भारी मानला जायचा. जिगलीपफ त्याची कमी यशस्वी बहीण.

नोव्हेंबर 2001 मध्ये गेमक्यूबवर मेली आला आणि बहीण-भावाची पाटी उलटी झाली. कर्बीचे वार बोथट झाले, तो तळाला गेला. त्याच्याहून दहा आकडे हलकी जिगलीपफ वर चढली. वजनावरच सगळं ठरत असतं तर हे होताच कामा नये.

मेलीने तिला काय दिलं? सर्वांत आधी, हवेत आडवं सरकण्याचा वेग. जमिनीवर ती रांगत्या बाळासारखी, पण उडी मारली की तिच्याइतकं सफाईने पुढे-मागे होणं कुणालाच जमत नाही. पाठमोरी होऊन मागे मारायची लाथ, जरा सरकायचं, पुन्हा लाथ, असं करत समोरच्याला स्टेजपासून बाहेर बाहेर ढकलत न्यायचं. याला ‘वॉल ऑफ पेन’ म्हणतात. बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही, आणि ही मात्र जादा उड्यांवर तरंगत घरी येते. शिवाय ती खाली वाकली की इतकी चपटी होते की बऱ्याच जणांच्या पकडी तिच्या डोक्यावरून जातात.

आणि मग ‘रेस्ट’. पोकेमॉनमध्ये जिगलीपफची ओळख गाणं म्हणून दुसऱ्यांना झोपवण्याची. अ‍ॅनिमेमध्ये लोक झोपले म्हणून चिडून ती मार्करने त्यांच्या तोंडावर रेघोट्या ओढते. ‘रेस्ट’मध्ये मात्र ती स्वतःच झोपते. बटण दाबल्याच्या पहिल्याच फ्रेमला तिच्या अंगाच्या मध्यावर एक छोटासा मारक ठिपका उमटतो. त्या ठिपक्यात सापडलेला फायटर वर फेकला जातो, तो बहुधा परत येत नाही. नेम चुकला तर जिगलीपफ 249 फ्रेम, म्हणजे चार सेकंदांहून जास्त, घोरत पडते. चार सेकंद मेलीमध्ये केवढे असतात ते खेळल्याशिवाय कळत नाही. समोरचा जवळ येतो, अंतर जुळवतो, सर्वांत जड फटका पूर्ण भरून घेतो आणि मग मारतो. वजन साठ. संपलं. कधी कधी तर नेम लागून समोरच्याचा जीव गेला तरी तो नवा जीव घेऊन परत येतो, तेव्हाही बाई झोपलेल्याच असतात.

एका मित्राकडे जुन्या डबा टीव्हीवर खेळताना मी पहिल्यांदा हे खाल्लं. माझा फॉक्स, तिने मला पकडून वर भिरकावलं, मी नेहमीप्रमाणे दगडासारखा खाली आलो, थेट तिच्या पोटात. ‘पाँक’ असा आवाज, आणि माझा फॉक्स छताच्या वर. मला वाटलं मित्राचं नशीब जोरावर आहे. ते नशीब नव्हतं, ते माझ्या पडण्याच्या वेगाचं गणित होतं. पकडून वर फेकून रेस्ट हा डाव फॉक्स आणि फाल्को यांच्यावर चालतो, कारण ते लगेच खाली येतात.

तिच्या दुखऱ्या जागाही मेलीने जपून ठेवल्या. वर जाण्याची खास चाल बहुतेकांना असते, हिची ‘वर’ची चाल म्हणजे गाणं, ज्याने ती इंचभरही वर जात नाही. उड्या संपल्या की संपलं. त्याहून क्रूर म्हणजे शील्ड, बचावाचं कवच. दुसऱ्या कुणाची शील्ड फुटली तर तो भोवळ येऊन उभा राहतो. जिगलीपफची फुटली तर फुग्यातली हवा सुटावी तशी ती वर उडते, आणि डोक्यावर छत नसेल तर थेट हद्दीबाहेर जाऊन मरते. एकही फटका न खाता.

हे सगळं डिस्कवर 2001 पासूनच होतं, पण खेळाडूंना ते उलगडायला वर्षं लागली. आजच्यासारखे दर दोन महिन्यांनी गेममध्ये फेरफार करणारे पॅच येत नव्हते, त्यामुळे जे होतं ते खोदत बसणं एवढंच हातात होतं. जुलै 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँटिऑकला झालेल्या जेनेसिस स्पर्धेच्या अंतिम लढतीत जोसेफ मार्केझ उर्फ मँगोने जिगलीपफ घेऊन स्वीडनच्या आर्माडा या खेळाडूच्या पीच या कॅरेक्टरला हरवलं. मँगोची जिगलीपफ चढाई करणारी, बेडर होती. पुढे तो फॉक्स आणि फाल्कोकडे वळला.

त्याच्या मागे उभा राहिला हुआन डेबिएडमा, म्हणजे हंग्रीबॉक्स. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला, खेळण्यातही तसाच मोजूनमापून. इव्हो स्पर्धेत 2014 ला अंतिम लढतीत तो मँगोकडून हरला, 2015 ला आर्माडाकडून. 2016 ला लास व्हेगासमध्ये त्याच आर्माडाला हरवून जिंकला. मग 2017, 2018 आणि 2019 अशी तीन वर्षं जागतिक क्रमवारीत पहिला. त्याआधी खेळाडूंमध्ये ‘20एक्सएक्स’ नावाची एक थट्टा चालायची: भविष्यात सगळेजण बिनचूक फॉक्स खेळतील आणि बाकी कॅरेक्टर कपाटात जातील. भविष्य आलं, आणि त्यात गुलाबी फुगा पहिला होता.

लोकांना ते आवडलं नाही. हंग्रीबॉक्स थांबायचा, मागे सरकायचा, कडेला लोंबकळायचा आणि समोरच्याची चूक होण्याची वाट बघायचा. एप्रिल 2019 मध्ये मेरीलँडला पाउंड स्पर्धा जिंकल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्यावर खेकडा फेकला. खरा, मेलेला खेकडा. फेकणाऱ्याला माफी नाहीच. पण तक्रार माझ्या मते मुळातच चुकीच्या दारात गेली होती. एका चुकीत जीव जाणारं कॅरेक्टर हातात दिल्यावर माणूस चूक न करण्यावरच मेहनत घेणार. त्याचा संयम त्या साठ आकड्यातूनच आलेला होता.

आता त्या दुसऱ्या बाजूकडे. 2008 मध्ये वी कन्सोलवर ब्रॉल हा पुढचा स्मॅश आला. जिगलीपफचं वजन 68 झालं, म्हणजे कागदावर सुधारणाच. पण ब्रॉलमध्ये मार बसल्यावरची बधिर अवस्था सगळ्यांनाच लवकर झटकता येऊ लागली, त्यामुळे कॉम्बोच जवळपास संपले. जे निसटणं ही जिगलीपफची खास मिरास होती ते सरकारी नळासारखं सगळ्यांना मिळालं. सगळ्यांचं स्टेजवर परतणंही सोपं झालं, मग बाहेर ढकलून भिंत बांधण्यात अर्थ उरला नाही. रेस्टची ताकद बरीच उतरवली, बदल्यात मार खाणाऱ्याच्या डोक्यावर थोडे थोडे टक्के चढवणारं एक फूल उगवू लागलं. हलकेपणाचे फायदे एकेक करून काढून घेतले, लवकर मरणं तेवढं तिच्याकडे राहिलं.

2014 च्या चौथ्या स्मॅशने वर मीठ चोळलं. त्यात ‘रेज’ आला: तुमच्यावर 35 टक्के चढले की तुमचे फटके जड होऊ लागतात, 150 पर्यंत वाढत जातात. बाउझर तिथवर आरामात पोचतो. जिगलीपफ 150 बघायला जिवंत असते कुठे?

डिसेंबर 2018 च्या अल्टिमेट या पाचव्या स्मॅशमध्येही तिचं वजन 68 आहे, बाउझरचं 135. पण तिथे नाव काढलं पिचूने. मेलीमध्ये तो जवळपास विनोद म्हणूनच होता: सर्वांत हलका, शिवाय विजेचा वार केला की स्वतःलाच चटका बसतो. अल्टिमेटमध्ये चटका तसाच, वजन 62, पुन्हा सर्वांत हलका, आणि तरी सुरुवातीच्या महिन्यांत त्याची गणना अगदी वरच्या फळीत होत होती. 2019 च्या पॅचमध्ये निन्टेन्डोने त्याला खाली ओढलं. वजनाला मात्र हात लावला नाही, ते 62 चं 62 च राहिलं.