दुष्काळाच्या आधीच आलेले आयरिश

कॅनडातल्या ओंटारिओत खेड्यापाड्यांत आयरिश आडनावं दिसली, की ‘बटाट्याच्या दुष्काळात पळून आलेली मंडळी’ असं सर्रास ठोकून दिलं जातं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेल्यामुळे पडलेला तो दुष्काळ सुरू झाला १८४५ मध्ये. पण ओंटारिओतल्याच पीटरबरो भागात त्याच्या वीस वर्षं आधी, १८२५ मध्येच, तिथले राजकारणी पीटर रॉबिन्सन यांनी ब्रिटिश सरकारच्या खर्चाने आयर्लंडच्या कॉर्क परिसरातली सुमारे २,००० माणसं आणून वसवली होती. कुटुंबाला १०० एकर, कुऱ्हाड, करवत, एक गाय, वर शिधा. ऐकायला झकास, पण ते १०० एकर म्हणजे निव्वळ जंगल! आधी झाडं तोडायची, मग उरलेल्या बुडख्यांच्या मधूनच कुदळीने बटाटे लावायचे. त्यात हिवतापाने सुरुवातीलाच कित्येक दगावले. १८४७ मध्ये दुष्काळग्रस्तांची जहाजं लागली, तोवर यांची पुढची पिढी नांगराला लागली होती.