‘बारा’ म्हणजे भाकरी

दरवर्षी २८ जुलैला अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात, पॅटागोनियातल्या वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सहून आलेल्यांच्या, वस्तीच्या चॅपेलांमध्ये चहाची पंगत बसते. पाव, लोणी, जॅम आणि सुक्या मेव्याचा काळपट केक. १८६५ साली याच दिवशी ‘मिमोसा’ हे जहाज दीडशेच्या आसपास वेल्श माणसं घेऊन इथल्या किनाऱ्याला लागलं होतं.

ही माणसं घरदार सोडून इतक्या लांब आली ती भाषेपायी. १८४७ च्या ब्रिटिश सरकारी अहवालाने वेल्श भाषेला मागासलेपणाचं कारण ठरवलं होतं. काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. इंग्रजीचा वारा लागणार नाही अशा जागी वस्ती करावी, ही कल्पना मायकेल डी. जोन्स या धर्मोपदेशकाने लावून धरली. अर्जेंटिनाने जमीन देऊ केली, पण ती धर्मादाय म्हणून नव्हे. पॅटागोनियावर चिलीचाही डोळा होता. तिथे आपल्या झेंड्याखाली कुणीतरी नांगर धरलेला ब्वेनोस आयरेसच्या सरकारला हवाच होता.

नांगर धरणारे मात्र थोडेच. बाकीचे खाणकामगार, सुतार, शिंपी. हिरवंगार खोरं मिळेल या आशेवर आलेल्यांना समोर दिसलं ते खुरटी झुडपं आणि सोसाट्याचा वारा असलेलं माळरान. चुबुत नदी साठ किलोमीटरहून लांब. पहिली पिकं करपली. १८६७ मध्ये नदी काठोकाठ वाहत असताना, काठ थोडा फोडला तर पाणी आपसूक शेतात येईल, हे रेचल जेंकिन्सच्या लक्षात आलं म्हणतात. नवऱ्याने, आरॉनने, चर खणला आणि गहू तरारला. पुढे अख्ख्या खोऱ्यात पाट फिरले. या वस्तीचा खरा इतिहास मला जाहीरनाम्यांपेक्षा त्या चरातच दिसतो.

पण पाट येईपर्यंत माणसं जगली कशी? मुळात ही भूमी तेहुएल्चे लोकांची. ग्वानाको (उंटाच्या कुळातलं जनावर) आणि शहामृगासारख्या ऱ्हिया पक्ष्यांची शिकार करत फिरणारे हे लोक वस्तीवर येत, मांस आणि कातडी देत, बदल्यात पाव नेत. घोड्यावरून शिकार कशी करायची हे वेल्श पोरं त्यांच्याकडूनच शिकली. पावाला वेल्शमध्ये म्हणतात ‘बारा’. आपल्याला आकडा वाटेल असा हा शब्द तेहुएल्चेंच्या तोंडी बसला.

नंतरची पानं भराभर उलटता येतात. १८८६ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं आणि त्रेलेव गाव उभं राहिलं. नावातला ‘लेव’ म्हणजे वस्तीचे पुढारी लुइस जोन्स. १८९९ च्या पुराने घरं वाहून नेली, आणि १९०२ मध्ये दोनशेहून अधिक लोक कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी अँडीजच्या पायथ्याशी अर्जेंटिना आणि चिलीमधला सरहद्दीचा तंटा सोडवायला ब्रिटनने सर थॉमस होल्डिच यांना पाठवलं. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची मोजणी करण्यात उमर घालवलेला हा अधिकारी! तिथे जाऊन वसलेल्या वेल्श लोकांनी अर्जेंटिनाच्या बाजूने कौल दिला. शाळा स्पॅनिश झाल्या, वेल्श घर आणि चॅपेलपुरती उरली. १९९७ पासून वेल्समधून शिक्षक येऊ लागल्यावर तिला पुन्हा थोडी धुगधुगी आली.

मधलं एक पान मात्र उलटवत नाही. १८७९ नंतर अर्जेंटिनाच्या सैन्याने पॅटागोनियातल्या मूळ रहिवाशांना हुसकावलं, पकडून तळांवर कोंडलं. मिमोसावरून लहानपणी आलेल्या जॉन डॅनियल एव्हान्स यांनी आपल्या आठवणींत वालचेता इथला असा एक तळ लिहून ठेवला आहे. तारेच्या कुंपणापलीकडचे कैदी येणाऱ्याजाणाऱ्याकडे खायला मागत होते. त्यातला एक जण एव्हान्सना पाहून ओरडत होता, ‘बारा, बारा’. तो त्यांचा लहानपणचा सवंगडी होता. त्याला सोडवण्यासाठी एव्हान्स पुढे पैसे घेऊन परत गेले, तोवर तो मेला होता.